ढग उणे पंधराला, तरी पाणी का गोठत नाही?

गेल्या अंकात हिवाळी क्लाउड सीडिंगवर एक छोटी चौकट छापली होती. डोंगरावरच्या थंड ढगात सिल्व्हर आयोडाइड सोडतात, त्याच्याभोवती बर्फाचे स्फटिक तयार होतात आणि मग खाली बर्फ पडतो, असं तीन ओळींत उरकून आम्ही मोकळे झालो. वाचक काही मोकळे झाले नाहीत. "तयार होतात म्हणजे नेमकं काय होतं" हाच प्रश्न इतक्या जणांनी इतक्या तऱ्हांनी विचारलाय की या वेळचं सदर सगळं त्यालाच देऊन टाकलंय. सारखे प्रश्न एकत्र केलेत. दोन-तीन पत्रं बरीच रागावलेली होती, त्यातला राग गाळून प्रश्न तेवढा ठेवलाय.

प्रश्न : पाणी शून्य डिग्रीला गोठतं हे शाळेत शिकलो. ढग उणे १५ ला असेल तर तो आपोआप बर्फाचाच असणार ना, मग त्यात बाहेरून बर्फाचं बी टाकायची भानगड कशाला? ता. क. चौकट वाचून मी पाण्याची बाटली फ्रीजरमध्ये ठेवून बघितली. अडीच तासांनी काढली तर पाणी पाणीच. टेबलावर आपटली तशी सर्रकन पांढरी झाली, पण पूर्ण गोठली नाही, नुसता बर्फाचा चिखल झाला. असं का?

उत्तर : ता. क. शेवटी घेतो, तो मूळ प्रश्नापेक्षा भारी आहे.

शाळेतलं वाक्य अर्धं खरं आहे. बर्फ शून्याला वितळतो हे पक्कं, पण पाणी शून्याला गोठतंच असं नाही, ते गोठू शकतं एवढंच. पाण्यातले रेणू सतत हलत असतात, मध्येच चार-सहा जण बर्फासारखी रचना करून उभे राहतात आणि लगेच विस्कटतात, हे सारखं चालू असतं. अशी एखादी जुळणी ठरावीक मापाच्या वर गेली तरच ती टिकते आणि वाढत जाते, त्याच्या आत राहिली की विरघळून जाते. हे माप तापमानावर ठरतं. ढोबळ हिशेब करून सांगतो: उणे ५ ला ती जुळणी साधारण १० नॅनोमीटर त्रिज्येची व्हावी लागते, उणे १५ ला साडेतीनच्या आसपास, आणि उणे ३८ ला दीडवर भागतं. १० नॅनोमीटर म्हणजे आपल्या दृष्टीनं काहीच नाही, पण रेणूंच्या हिशेबात तो लाखभर रेणूंचा घोळका आहे, आणि इतक्या जणांनी योगायोगानं एकाच वेळी शिस्तीत उभं राहायचं म्हणजे अवघडच. म्हणून अगदी शुद्ध पाण्याचे बारीक थेंब उणे ३८ डिग्रीपर्यंत पाणीच राहतात. त्याच्या खाली मात्र कुणाच्या मदतीशिवाय गोठतात.

मग डबकं, तळं, बादली शून्याच्या जरा खाली गेली की कशी गोठते? त्यात धूळ असते, पालापाचोळ्याचा चुरा असतो, भांड्याच्या कडेवर ओरखडे असतात, कशाच्या तरी आधारानं पहिली जुळणी उभी राहते आणि एकदा एका ठिकाणी बर्फ झाला की अख्ख्या बादलीला तेवढं पुरतं. ढगाचं तसं नाही. तिथलं पाणी १०-२० मायक्रॉनच्या थेंबांत वाटलेलं असतं, एकेक लिटर हवेत लाखाच्या पुढे थेंब, आणि प्रत्येक थेंब स्वतंत्र. एक गोठला म्हणून शेजारचा गोठत नाही. म्हणजे खरं तर प्रत्येक थेंबाला स्वतःचा आधारकण हवा, आणि तसा लायक कण हवेत फार विरळा. उणे २० ला साधारण एका लिटर हवेत एखादा सापडतो (हे आकडे जागेनुसार, दिवसानुसार प्रचंड बदलतात, पण अंदाज यावा म्हणून). वाळवंटी माती किंवा चिकणमातीची धूळ साधारण उणे १५ च्या खाली कामाला लागते. काही बॅक्टेरिया मात्र याबाबतीत उस्ताद आहेत, स्यूडोमोनास सिरिंगी नावाचा एक तर उणे २-४ लाच पाणी गोठवतो, झाडांच्या पानांवर दहिवर गोठवून पेशी फोडायचा त्याचा धंदाच आहे. पण ढगात असे किती पोचणार.

तर उणे ५ ते उणे १५ या पट्ट्यातला ढग म्हणजे पाणी तयार, थंडी तयार, फक्त निमित्त नाही. सीडिंगवाले हे निमित्त पुरवतात. ते ढग तयार करत नाहीत, पाणीही बाहेरून आणत नाहीत. आकाश निरभ्र असेल तर कितीही आयोडाइड जाळा, काही होत नाही.

प्रश्न : सिल्व्हर आयोडाइड ढगाला थंड करतं की पाणी शोषून घेतं?

उत्तर : दोन्ही नाही. ते फक्त साच्यासारखं वापरलं जातं.

बर्फात पाण्याचे रेणू षटकोनी जाळीत बसलेले असतात. सिल्व्हर आयोडाइडची जाळीही षटकोनी, आणि दोन्हींच्या घरांच्या मापात फरक जेमतेम दीड टक्क्याचा. त्यामुळे त्या कणावर पाण्याचे रेणू येऊन बसले की ते आपसूक बर्फाला हव्या त्या जागी बसतात, आणि वर म्हटलं तसं लाखभर रेणूंनी योगायोगाची वाट बघायची गरज उरत नाही. कण स्वतःच ५०-१०० नॅनोमीटरचा असतो, म्हणजे लागणाऱ्या मापापेक्षा मोठी आयती बैठक मिळते.

आता इथे एक गंमत आहे जी लोकप्रिय लेखांत सहसा येत नाही. नुसतं माप जुळून भागत नाही. बेरियम फ्लोराइडची एक बाजूही बर्फाशी मापानं बऱ्यापैकी जुळते, पण बर्फ जमवायच्या कामात ते अगदीच सुमार निघालं. आणि सिल्व्हर आयोडाइडच्याही सगळ्या बाजू सारख्या नाहीत. ज्या बाजूला चांदीचे अणू उघडे असतात तिथे पाण्याचा पहिला थर बर्फासारखा नीट मांडला जातो, आयोडीनवाल्या बाजूला तसा जमत नाही. म्हणजे अंतरं जुळायला हवीत आणि शिवाय पृष्ठभागानं रेणूंना योग्य बाजूनं धरायलाही हवं. पत्रिका जुळली म्हणून संसार जुळतो असं नाही, तसंच काहीसं.

ढगात हे बर्फ होणं तीन-चार वाटांनी होतं. कधी बाष्प थेट कणावर बर्फ म्हणून बसतं, कधी आधी कणावर पाण्याचा पातळ थर येतो आणि तो गोठतो, कधी कण थेंबाच्या पोटात असतो आणि थंडी वाढल्यावर आतून गोठवतो, आणि कधी कण बाहेरून येऊन थेंबाला धडकतो आणि त्या धक्क्याबरोबर थेंब गोठतो. शुद्ध आयोडाइड पाण्याला फारसं जवळ करत नाही, त्यामुळे हल्लीच्या मिश्रणांत मीठासारखे पाणी ओढणारे क्षार घालतात म्हणजे दुसरी वाट लवकर उघडते, कारण धडकेची वाट बघत बसलं तर ढग डोंगर ओलांडून निघून जातो.

जमिनीवरून करायचं तर आयोडाइड ॲसिटोनमध्ये विरघळवून गॅसच्या ज्योतीत जाळतात, विमानातून करायचं तर पंखाखाली फ्लेअर, म्हणजे आयोडाइड भरलेल्या पेटत्या नळकांड्या, लावतात. एका ग्रॅमपासून चांगल्या थंडीत १ वर १४ शून्यं इतके कामाचे कण मिळू शकतात. "चांगल्या थंडीत" हे शब्द महत्त्वाचे. उणे ५ च्या वर आयोडाइड ढिम्म असतं, उणे ६ ला चाचपडत सुरू होतं, आणि उणे १० च्या पुढे खरं रंगात येतं. जमिनीवरच्या भट्टीतला धूर थंडीच्या दिवसांत दरीतच अडकून बसला, किंवा ढगापर्यंत पोचला पण ढग तिथे उणे ३ लाच असला, की गेला सगळा माल वाया. प्रत्यक्षात सीडिंगचं घोडं इथेच जास्त वेळा अडतं, स्फटिकांच्या शास्त्रापाशी नाही.

प्रश्न : मग ड्राय आइसही वापरतात म्हणे, त्याचा स्फटिक तर बर्फासारखा नसतो?

उत्तर : बरोबर पकडलंत. ड्राय आइस म्हणजे गोठलेला कार्बन डायऑक्साइड, तापमान उणे ७८. तो साचा बनत नाही, आजूबाजूच्या हवेला उणे ३८ च्या खाली ढकलतो, आणि मग थेंब कुणाच्याही मदतीशिवाय गोठतात. द्रवरूप प्रोपेनचा फवाराही असाच चालतो. झटक्यात वाफ होताना तो इतकी उष्णता ओढतो की आसपास क्षणभर तसलीच थंडी तयार होते, आणि म्हणून ढग उणे २-३ इतका "गरम" असला तरी चालून जातं, जिथे आयोडाइड हात टेकतं.

हे सापडलं ते असंच. व्हिन्सेंट शेफर नावाचा, शाळा अर्धवट सोडून कारखान्यात लागलेला माणूस अमेरिकेत स्केनेक्टडीच्या जनरल इलेक्ट्रिकच्या प्रयोगशाळेत काम करायचा, त्याचे साहेब नोबेलवाले अर्व्हिंग लँगम्युअर. त्यानं एका घरगुती फ्रीजरला आतून काळं मखमल लावलं, वरून दिव्याचा झोत टाकला आणि आत तोंडानं श्वास सोडायचा, म्हणजे श्वासातल्या वाफेचा छोटा ढग व्हायचा. नाना तऱ्हेच्या भुकट्या टाकून झाल्या, बर्फ काही होईना. १९४६ च्या जुलैत एका गरम दिवशी फ्रीजर पुरेसा थंड वाटेना, म्हणून त्यानं आत ड्राय आइसचा तुकडा ठेवला आणि त्या झोतात एकदम असंख्य चमचमणारे कण नाचायला लागले. पुढे १३ नोव्हेंबर १९४६ ला तो विमानातून मॅसॅच्युसेट्समधल्या माउंट ग्रेलॉकजवळच्या ढगावर गेला, ड्राय आइस टाकला, आणि ढगाखाली बर्फाच्या रेघा लोंबायला लागल्या. तो बर्फ जमिनीला पोचलाच नाही, वाटेतच कोरड्या हवेत उडून गेला, पण सिद्ध व्हायचं ते झालं.

त्याच प्रयोगशाळेतल्या बर्नार्ड व्हॉनेगटनं स्फटिकांच्या मापांचे तक्ते चाळून बर्फाशी जुळणारा पदार्थ शोधला आणि सिल्व्हर आयोडाइड निवडलं. पहिल्यांदा टाकलं तर जवळपास काहीच झालं नाही! नमुना अशुद्ध होता. शुद्ध आणून पुन्हा टाकलं तेव्हा फ्रीजर स्फटिकांनी भरून गेला. त्यानं पहिल्या दिवशीच नाद सोडला असता तर, असं वाटून जातं.

प्रश्न : बर्फाचा कण झाला हे समजलं. पण तो तर सूक्ष्म असतो. पडण्याइतका मोठा कसा होतो? थेंब येऊन चिकटतात का?

उत्तर : चिकटतात, पण नंतर. आधी जे होतं ते मला या सगळ्यातलं सगळ्यात सुंदर वाटतं, म्हणून जरा सावकाश सांगतो.

पाण्याच्या पृष्ठभागावरून रेणू सतत उडत असतात आणि हवेतले रेणू परत येऊन बसत असतात. हवेत बाष्प पुरेसं असलं की दोन्हीचा मेळ बसतो, थेंब वाढतही नाही आणि आटतही नाही. बर्फाच्या पृष्ठभागाचंही तेच, फक्त बर्फात रेणू जास्त घट्ट धरलेले असतात, ते सहजासहजी सुटत नाहीत, त्यामुळे बर्फाचा मेळ कमी बाष्पातच बसतो. हा मेळ ज्या बाष्पदाबाला बसतो त्याला संपृक्त बाष्पदाब म्हणतात. उणे १५ डिग्रीला तो पाण्यावर १.९१ हेक्टोपास्कल (दाबाचं एकक) असतो आणि बर्फावर १.६५. आता डोळ्यासमोर आणा: लाखो थेंबांचा ढग, हवा थेंबांच्या हिशेबानं अगदी बरोब्बर भरलेली, कुणाचंच कुणाशी देणंघेणं नाही. त्यात एक बर्फाचा कण आला. त्याच हवेत, त्याच क्षणी, त्याच्या हिशेबानं बाष्प जवळजवळ १६ टक्के जास्त आहे. तो भराभर बाष्प ओढायला लागतो. बाष्प कमी झालं की हवा थेंबांच्या हिशेबानं कोरडी पडते, थेंब आटायला लागतात, ते बाष्प पुन्हा हवेत येतं आणि पुन्हा बर्फाकडे जातं. थेंबाला हातही न लावता बर्फ त्याला हवेतून पिऊन टाकतो. थेंब गोठत नाही बरं का, थेंब नाहीसा होतो. सीडिंग म्हणजे सगळे थेंब गोठवणं असा जो समज आहे तो इथे बाद होतो. लिटरभर हवेत लाख थेंबांमागे पाच-दहा स्फटिक झाले तरी चालतं, बाकीचे थेंब त्यांना रसद पुरवतात.

या प्रकाराला व्हेगेनर, बर्गेरॉन आणि फिंडायसन या तिघांचं नाव आहे. त्यातला आल्फ्रेड व्हेगेनर म्हणजे खंड सरकतात म्हणणारा तोच.

दहा मिनिटांत असा स्फटिक मिलीमीटरच्या आसपास जातो. त्यात अशा हजारो थेंबांचं पाणी असतं. आता तो सेकंदाला साधारण ३० सेंटीमीटर वेगानं खाली यायला लागतो आणि तुम्ही म्हणता ते चिकटणं सुरू होतं. वाटेतले अतिथंड, म्हणजे शून्याखालीही पाणीच राहिलेले, थेंब त्याच्यावर आपटून जागच्या जागी गोठतात, स्फटिकावर खरबरीत पांढरे दाणे बसतात, आणि हे फार झालं की मूळची नक्षी पार झाकून जाते आणि उरतो थर्मोकोलच्या गोळीसारखा एक गोळा. नाहीतर स्फटिक एकमेकांत फांद्या अडकवून मोठे कापसासारखे पुंजके होतात. उणे ३ ते उणे ८ च्या पट्ट्यात अजून एक भर पडते. थेंब असे आपटून गोठताना बर्फाचे बारीक कपचे उडतात आणि त्या प्रत्येक कपच्याचा नवा स्फटिक होतो. हॅलेट आणि मॉसप यांनी १९७४ मध्ये हे प्रयोगशाळेत मोजलं. तेव्हा एका कणापासून एकच स्फटिक असं गणित ढगात चालत नाही.

प्रश्न : चित्रातले बर्फाचे स्फटिक नेहमी सहा फांद्यांचे नक्षीदार. सीडिंगचे स्फटिकही तसेच असतात की आयोडाइडमुळे वेगळे?

उत्तर : आयोडाइडचा संबंध फक्त जन्मापुरता. पुढे रूप ठरतं ते तापमानावर आणि बाष्प किती आहे त्यावर. सहा कोन मात्र सगळ्यांत असतात कारण आतली जाळीच षटकोनी.

शून्य ते उणे ४ ला पातळ चकत्या, उणे ५ च्या आसपास लांब सुया, मग पोकळ खांब, उणे १० च्या पुढे परत चकत्या, उणे १५ च्या आजूबाजूला भरपूर बाष्प असलं की ते प्रसिद्ध सहा फांद्यांचे तारे, आणि उणे २२ च्या खाली पुन्हा जाड चकत्या आणि खांब. चकती, खांब, चकती, खांब असा हा झोका का, याच्यावर अजून संशोधकांची डोकेफोड चालू आहे. तारा उणे १५ लाच का फुलतो ते मात्र वरच्या उत्तराशी जोडलेलं आहे: पाणी आणि बर्फ यांच्या बाष्पदाबातली तफावत तिथेच आसपास, उणे १२ ला, सगळ्यात मोठी असते, म्हणजे खाऊन-पिऊन वाढायला तिथे सगळ्यात जास्त मिळतं. कोपरे बाहेर आलेले असतात म्हणून त्यांना बाष्प आधी मिळतं, ते अजून पुढे जातात, अजून जास्त मिळतं, अशा फांद्या फुटत जातात.

हे सगळं पहिल्यांदा नीट बघितलं ते जपानच्या होक्काइडो विद्यापीठातल्या उकिचिरो नाकाया यांनी. १९३६ मध्ये त्यांनी प्रयोगशाळेत पहिला कृत्रिम हिमस्फटिक वाढवला, तोही कशावर, तर सशाच्या केसाच्या टोकावर. दोरे, रेशीम सगळं करून झालं होतं, त्यावर नुसतं दहिवर जमायचं. सशाच्या केसावर मात्र बारीक बारीक गाठी असतात, तिथे एकेकटा स्फटिक धरला जायचा.

सीडिंगवाल्यांना याचा उपयोग असा की जमिनीवर पडलेल्या स्फटिकाचं रूप बघून तो कुठल्या तापमानात वाढला हे कळतं. सुया पडल्या तर तो उणे ५ च्या थरात वाढलाय.

प्रश्न : दुप्पट आयोडाइड टाकलं तर दुप्पट बर्फ?

उत्तर : अति तिथे माती. पाणी तेवढंच आणि खाणारे दसपट, मग सगळेच बारीक राहतात, हवेत तरंगत राहतात आणि पडतच नाहीत.

प्रश्न : हे सगळं फ्रीजरमध्ये ठीक. खऱ्या ढगात सीडिंगमुळेच बर्फ पडला, तसाही पडणार नव्हता, हे कशावरून?

उत्तर : सगळ्यात रागावलेलं पत्र हेच होतं, आणि त्याचा राग रास्त आहे. सत्तर वर्षं या प्रश्नाला सरळ उत्तर नव्हतं. एकच ढग सीड करून आणि न करून दोन्ही बघता येत नाही आणि ढग मुळातच लहरी. अमेरिकेत वायोमिंगमध्ये बरीच वर्षं नाणेफेकीसारखी निवड करून प्रयोग झाला, कधी एका डोंगररांगेवर सीडिंग, कधी दुसऱ्या. २०१४ मध्ये निकाल आला तर मुख्य आकडेवारीत वाढ ३ टक्के आणि ती निव्वळ योगायोगानं आली असण्याची शक्यता २८ टक्के. बाकीचे पुरावे धरून योग्य वादळांपुरती ५ ते १५ टक्के वाढ असावी असा अंदाज त्यांनी मांडला. जाहिरातीत फक्त तो १५ चा आकडा उचलणारे लोक बघितले की माझंही डोकं फिरतं.

मग २०१७ च्या जानेवारी ते मार्चमध्ये आयडाहोतल्या पेएट नदीच्या खोऱ्यात स्नोवी नावाचा प्रयोग झाला. एक विमान वाऱ्याला आडवं, पुढे-मागे फेऱ्या मारत आयोडाइड सोडत होतं, दुसरं विमान उपकरणं घेऊन त्या पट्ट्यांतून जात होतं, आणि डोंगरमाथ्यावर फिरते रडार. रडारला ढगाचे बारीक थेंब जवळपास दिसत नाहीत, कारण परावर्तन व्यासाच्या सहाव्या घातानं वाढतं, म्हणजे कण दहापट मोठा झाला की दहा लाख पट उजळ दिसतो. आधी पडदा जवळजवळ रिकामा. थोड्या वेळानं त्यावर नागमोडी रेघ उमटली, विमान जसं गेलं होतं अगदी तशीच, वाऱ्याबरोबर सरकलेली. निसर्ग असा झिगझॅग काढत नाही. रेघेच्या आत बर्फ, रेघेच्या बाहेर नुसतेच अतिथंड थेंब. १९ जानेवारीच्या एका प्रसंगात बर्फ साधारण ६७ मिनिटं पडला, सुमारे २,३०० चौरस किलोमीटरवर, आणि जाडी किती, तर पाण्याच्या हिशेबात मिलीमीटरचा दहावा भाग! तीन प्रसंगांचं पाणी मिळून ऑलिंपिकचे साधारण २८२ तलाव भरतील इतकं. तलावांत सांगितलं की खूप वाटतं, मिलीमीटरात सांगितलं की हसू येतं, आकडा तोच. माझं मत विचाराल तर साखळी सिद्ध झाली, कण ते स्फटिक ते जमिनीवरचा बर्फ, यात आता शंका घेण्यासारखं काही नाही. एका हिवाळ्यात एका खोऱ्यात त्याचा फायदा किती, हा हिशेब वेगळा आणि तो अजून चालू आहे.

स्वित्झर्लंडमध्ये ईटीएच झुरिकचे लोक याहून जवळून बघतायत. हिवाळ्यात जमिनीलगत पसरणाऱ्या थंड ढगात ड्रोन पाठवतात, फ्लेअर पेटवतात, आणि वाऱ्याच्या दिशेनं पुढे दोरीनं बांधलेल्या फुग्याखाली कॅमेरा लावून काही मिनिटांचेच वय असलेले स्फटिक टिपतात. सोडलेल्या कणांपैकी प्रत्यक्षात बर्फ जमवणारे अगदी थोडे निघतात, बाकीचे तसेच वाहून जातात.

अजून एक, वारा सेकंदाला १५ मीटर असेल आणि स्फटिकाला मोठं होऊन खाली यायला अर्धा तास लागत असेल तर तो तोवर २७ किलोमीटर पुढे गेलेला असतो. त्यामुळे ज्या डोंगरावर बर्फ हवाय त्याच्या बऱ्याच अलीकडे सीडिंग करावं लागतं. चुकलं की बर्फ डोंगरापलीकडे, आणि तिकडे उतरणाऱ्या हवेत तो परत उडून जातो.

प्रश्न : चांदी विषारी नाही का? प्यायच्या पाण्यात येणार ना?

उत्तर : चांदीचे सुटे आयन पाण्यातल्या जिवांना त्रासदायक असतात हे खरं. पण सिल्व्हर आयोडाइड पाण्यात विरघळतच नाही म्हटलं तरी चालेल, लिटरमागे दोन-तीन मायक्रोग्रॅम. सीड केलेल्या बर्फात चांदी सापडते ती एक लाख कोटी भागांत काही भाग या पातळीची. इतकी कमी मोजता येते म्हणूनच तिचा उलटा उपयोग होतो, बर्फाचे नमुने घेऊन आयोडाइड ठरलेल्या जागी पोचलं का ते तपासतात. तरी वर्षानुवर्षं एकाच खोऱ्यात जाळत राहणार असाल तर माती-पाण्याची तपासणी चालू ठेवलीच पाहिजे, त्यात हयगय नको.

प्रश्न : एका फोटोत पातळ ढगाला मधोमध गोल भोक पडलेलं आणि भोकात पांढरा झुबका. हे सीडिंगच का?

उत्तर : सीडिंगच, पण कुणी न ठरवता केलेलं. उणे १५-२० च्या अतिथंड थेंबांच्या पातळ थरातून विमान जातं, पंखांवरून किंवा प्रोपेलरच्या पात्यांवरून जाताना हवा एकदम फाकते आणि वीसेक डिग्रीनं थंड होते, म्हणजे उणे ३८ ची रेघ ओलांडते, आणि शेफरच्या फ्रीजरमध्ये झालं तेच होतं. मधले स्फटिक आजूबाजूचे थेंब पीत सुटतात, भोक तासभर रुंदावत जातं, आणि झुबका म्हणजे खाली पडणारा बर्फ. वरचं बाष्पदाबाचं सगळं पुराण उघड्या डोळ्यांनी बघायचं असेल तर याच्याइतकं सोपं काही नाही.

आता पहिल्या पत्रातली बाटली. पाणी पांढरं झालं पण चिखलच का राहिला?

गोठताना पाणी उष्णता बाहेर टाकतं, ग्रॅममागे ८० कॅलरी. बाटलीतलं पाणी समजा उणे ८ ला होतं. आपटल्याबरोबर बर्फ व्हायला लागला, त्यातून निघालेल्या उष्णतेनं उरलेलं पाणी तापलं, आणि ते शून्याला पोचलं की काम थांबलं. उणे ८ वरून शून्यावर यायला ग्रॅममागे ८ कॅलरी लागतात, म्हणजे ८० तले ८, जेमतेम दहावा हिस्सा गोठला की शून्य गाठलं. बाकी नऊ हिस्से पाणी, त्यात बर्फाच्या पात्यांचं जाळं, म्हणून चिखल. लगेच हात लावून बघितला असता तर बाटली आपटण्याआधीपेक्षा गरम लागली असती. मी स्वतः थर्मामीटर बुडवून बघितलंय, म्हणजे बघायचं होतं, तीन बाटल्यांत थर्मामीटर आत घालतानाच पाणी गोठून गेलं, चौथीत तो आधीपासून आत ठेवला तेव्हा कुठे काटा उणे ६ वरून शून्याकडे उडी मारताना दिसला.

ढगातल्या थेंबाचंही सुरुवातीला हेच होतं. उणे १५ चा थेंब गोठायला लागला की क्षणात शून्याला येतो, आत बर्फाचं जाळं आणि बाकी पाणी. फरक इतकाच की त्याच्या चहूबाजूंनी उणे १५ ची हवा असते, ती उरलेली उष्णता ओढून घेते आणि तो बाहेरून आत असा गोठत जातो. कवच आधी होतं, आतलं पाणी गोठताना ९ टक्के फुगतं, कवचाला तडा जातो आणि कधी कधी त्या तड्यातून पाण्याचं बारीक शिंग बाहेर येऊन तिथेच गोठून बसतं. तुमची बाटली तशीच परत फ्रीजरमध्ये ठेवा, तीही पूर्ण गोठेल. फक्त काचेची असेल तर नको.